वज्राची चाकरी

हिऱ्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तो बहुधा राजमुकुटांचा, लुटींचा आणि नजराण्यांचा इतिहास म्हणूनच लिहिला आहे. अमुक रत्न कोणाच्या जामदारखान्यातून कोणाच्या जामदारखान्यात गेले याची रुजवात करण्यात जितकी शाई खर्ची पडली, तिच्या शतांशही शाई, हिऱ्याने मनुष्याच्या हाती हत्यार होऊन जी सेवा केली तिच्या वर्णनास लाभलेली नाही. वास्तविक हिऱ्याचे हे दुसरे चरित्र पहिल्याइतकेच प्राचीन असून, गेल्या पाऊणशे वर्षांत, म्हणजे हिरा भूगर्भातून न काढता कारखान्यात घडविता येऊ लागल्यापासून, ते पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक मोलाचे ठरले आहे. या चरित्रातील एक अध्याय नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, बाणगंगेच्या काठी वसलेल्या ओझर या गावाशी निगडित आहे. आणि द्राक्षांचे मळे व विमानांचा कारखाना यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या संदर्भात हिऱ्याची कथा सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांस पडला, तर त्याचे उत्तर विमान ज्या पदार्थांचे बनते त्या पदार्थांच्या स्वभावात सापडेल.

हिऱ्याकडून काम करवून घेण्याची कल्पना या देशास नवी नव्हती. कौटिल्याने अर्थशास्त्रात उत्तम हिऱ्याची लक्षणे सांगताना तेज आणि वजन यांच्या जोडीने आघात सोसण्याची व भांड्यावर रेघ ओढण्याची त्याची शक्तीही नमूद केली आहे, म्हणजे राजाच्या कोशाध्यक्षाने हिरा पारखावयाचा तो केवळ डोळ्यांनी नव्हे. खंबायतच्या कारागिरांनी धनुष्याने फिरणाऱ्या सामत्याच्या टोकाला हिऱ्याच्या बारीक कण्या बसवून अकीकाचे मणी विंधण्याची विद्या शतकानुशतके जतन केली. आणि रोमन ग्रंथकार प्लिनी यानेही हिऱ्याच्या कपऱ्या लोखंडात बसवून कठीण पाषाण कोरणाऱ्या कारागिरांचा निर्देश केला आहे. हिऱ्याच्या खाणी म्हटले की आपण गोवळकोंड्याकडे बोट दाखवितो, पण आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अबुल फजलने ऐने-अकबरीत केली असल्याने या संपत्तीत महाराष्ट्राचाही वाटा होता हे विसरता कामा नये. पुढे अठराव्या शतकात ब्राझीलच्या आणि एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेच्या खाणी उघडल्या, आणि हिऱ्याच्या व्यापाराची सूत्रे या भूमीतून निघून गेली.

हिरा हा शुद्ध कार्बन होय, काजळी आणि शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट यांचाच सहोदर होय, हे लाव्हाझिए याने १७७२ मध्ये आरंभिलेल्या दहनाच्या प्रयोगांवरून आणि स्मिथसन टेनंट याने १७९७ मध्ये दिलेल्या सिद्धतेवरून निश्चित झाले, तेव्हापासून कार्बनाचा हिरा करण्याच्या खटपटीस जोर चढला. स्कॉटलंडात हॅने याने १८८० मध्ये आणि फ्रान्समध्ये मॉयसाँ याने १८९३ मध्ये आपणास यश आल्याचे जाहीर केले, परंतु उत्तरकालीन परीक्षेत त्यांचे दावे टिकले नाहीत. या दीर्घ अपयशाचे कारण पदार्थाच्या रचनेतच होते. ग्रॅफाइटमध्ये कार्बनाचे अणू थरांनी रचलेले असतात आणि ते थर एकमेकांवरून सहज सरकतात. हिऱ्यात मात्र प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी चारी दिशांनी सारख्याच बळाने बांधलेला असतो. पहिली रचना मोडून दुसरी उभी करावयाची तर सुमारे पंचावन्न हजार वातावरणांचा दाब आणि चौदाशे अंश सेल्सियसच्या आसपासचे तापमान ही दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी आणि पुरेसा काळ टिकवावी लागतात, आणि इतका दाब सोसणारे पात्र तोपर्यंत कोणी केलेच नव्हते.

ही खटपट विद्वानांच्या कुतूहलापुरती उरली असती, परंतु कारखान्यांच्या गरजेने तिला निकड आणली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जर्मनीत टंगस्टन कार्बाइडची हत्यारे निघाली आणि त्यांनी पोलाद कातण्याच्या कामात क्रांती केली; पण जे हत्यार पोलादाला नमविते त्या हत्याराला धार लावावयाची कशाने, हा प्रश्न लगोलग उभा राहिला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर हिऱ्याची पूड हेच ठरले. दुसऱ्या महायुद्धात तोफा, विमाने आणि रणगाडे यांचे सुटे भाग जितक्या वेगाने कातले जाऊ लागले, तितक्याच वेगाने या पुडीची मागणी वाढली. आणि ती ज्यापासून करीत, तो बोर्ट नावाचा कनिष्ठ हिरा बव्हंशी बेल्जियन काँगोतून येत असून त्याचा व्यापार एका लंडनस्थित मक्तेदार संघाच्या मुठीत होता. आपल्याकडेही याच युद्धकाळात, १९४१ मध्ये, उरणजवळच्या मोरा येथे ग्राइंडवेल या नावाने ग्राइंडिंगची चाके करणारा कारखाना निघाला. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनी ही तर स्वतःच कार्बाइडची मोठी उत्पादक असल्यामुळे हिऱ्यावाचून अडणे म्हणजे काय याचा तिला रोजचा अनुभव होता, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच तिने हिरा घडविण्याची मोहीम हाती घेतली.

या मोहिमेतील ट्रेसी हॉल या रसायनशास्त्रज्ञाची हकीकत जितकी सांगावी तितकी थोडी. यूटा प्रांतात गरिबीत वाढलेल्या या तरुणास कंपनीने नवे दाबयंत्र दिले नाही. त्याच्या वाट्यास आले ते चारशे टनांचे एक जुने यंत्र, ज्यातून पाणी इतके गळत असे की त्याला रबरी बूट घालून काम करावे लागे. त्याने आखलेल्या पात्राची, ज्याला पुढे ‘बेल्ट’ असे नाव पडले, रचना अशी होती की कार्बाइडच्या एका कंकणात वरून आणि खालून दोन शंकू रुतत जावेत, आणि बाहेरच्या पोलादी पट्ट्यांनी त्या कंकणास इतके आवळून धरावे की आतल्या दाबाने ते फुटू नये; हे पात्र वरिष्ठांच्या अनुमतीची वाट न पाहता त्याने एका यंत्रकारागीर मित्राच्या साहाय्याने तयार करविले, असे सांगतात. १६ डिसेंबर १९५४ रोजी सकाळी त्याने पात्र उघडून आतला नमुना फोडला आणि फुटलेल्या भागावर त्रिकोणी पैलू असलेले सूक्ष्म स्फटिक चमकताना त्याच्या दृष्टीस पडले. त्या क्षणी आपले हात थरथरू लागले, गुडघ्यांतील बळ गेले आणि आपणास खाली बसावे लागले, असे त्याने स्वतःच नमूद करून ठेविले आहे. वर्ष संपण्यापूर्वीच ह्यू वुडबरी या सहकाऱ्याने तोच प्रयोग स्वतंत्रपणे करून तेच फळ मिळविले, आणि १५ फेब्रुवारी १९५५ रोजी कंपनीने ही वार्ता जगास कळविली.

स्वीडनमधील आसेआ या कंपनीने फेब्रुवारी १९५३ मध्येच हिरे घडविले होते, परंतु तिने ती गोष्ट गुप्त ठेविल्यामुळे यशाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरी गेले. माझ्या मते मात्र श्रेयाच्या या वादापेक्षा, धातूच्या साहाय्याने हिरा तयार होतो हे जे रहस्य या प्रयोगांतून उलगडले, तेच अधिक स्मरणीय आहे. लोह, निकेल, कोबाल्ट यांपैकी एखादा धातू वितळला की त्यात ग्रॅफाइटचा कार्बन विरघळतो, आणि त्या दाबाखाली हिरा हीच कार्बनाची अधिक स्थिर अवस्था असल्याने तो द्रवातून हिरा होऊन बाहेर पडतो. मॉयसाँनेही वितळलेले लोखंडच वापरले होते. त्याच्यापाशी दाब मात्र नव्हता.

हॉलला या कामगिरीबद्दल कंपनीकडून मिळाले ते दहा डॉलरांचे एक बचतपत्र. तो नोकरी सोडून यूटामधील विद्यापीठात गेला. अमेरिकन सरकारने त्याच्या यंत्रावर गुप्ततेचा हुकूम बजावल्यामुळे त्याला स्वतःचेच साधन वापरण्याची मनाई झाली, तेव्हा त्याने चार बाजूंनी दाबणारे निराळे यंत्र शोधून काढले, आणि पुढे अशा अनेक बाजूंनी दाबणाऱ्या यंत्रांतून सहा बाजूंनी दाबणारी यंत्रे निघाली, ज्यांच्या जोरावर आज चीनमध्ये कृत्रिम हिऱ्यांचे प्रचंड उत्पादन चालते. इकडे कंपनीने १९५७ पासून हिऱ्याची पूड बाजारात आणली, आणि एक विलक्षण गोष्ट प्रत्ययास आली. हे स्फटिक ओबडधोबड आणि सहज तुटणारे होते, जवाहिऱ्याच्या दृष्टीने कवडीमोल होते. परंतु राळेच्या बंधात बसविलेल्या ग्राइंडिंगच्या चाकात त्यांचा हाच दोष गुण ठरला, कारण कण बोथट होताच तुटतो आणि त्याची नवी धार वर येते. खाणीतल्या हिऱ्यापेक्षा कारखान्यातला हिरा कार्बाइड घासण्यास अधिक सोयीचा ठरला, आणि रत्नाच्या तराजूत ज्याला वजन नव्हते त्याने कारखान्यात आपली योग्यता सिद्ध केली.

सोव्हिएत संघराज्यास हे सर्व स्वस्थपणे पाहत बसणे शक्य नव्हते, कारण हिऱ्यावाचून त्याची यंत्रे अडत होती आणि विकत घेण्याच्या वाटेत राजकारण आडवे येत होते. मॉस्को येथे लिओनिद वेरेश्चागिन याच्या उच्चदाब-भौतिकीच्या संस्थेने १९६० मध्ये हिरा घडविला, आणि १९६१ मध्ये कीव येथे व्हॅलेंतिन बाकुल याच्या नेतृत्वाखाली कृत्रिम हिऱ्याचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. भारताच्या दृष्टीने या तारखांना महत्त्व आहे ते यासाठी की, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ब्रिटन आणि अमेरिका यांची नाराजी पत्करून आपल्या सरकारने मिग-२१ हे स्वनातीत लढाऊ विमान सोव्हिएत संघराज्याकडून घेण्याचा आणि ते परवान्याखाली येथेच बांधण्याचा करार केला. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले, नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीस संरक्षणमंत्री म्हणून गेले, आणि १९६३ मध्ये नाशिकच्या मतदारांनी त्यांस लोकसभेवर बिनविरोध निवडून पाठविले. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला, अशी कामाची वाटणी ठरली. १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सची स्थापना होऊन ओझरचा कारखाना तिच्या अंमलाखाली आला. आणि निफाड तालुक्यातील ज्या माळावर तोवर बाजरी पिकत होती, तेथे धावपट्टी, हँगर आणि कामगारांची वसाहत उभी राहून पंचक्रोशीतील लोक त्या वसाहतीस नुसते ‘मिग’ म्हणू लागले.

आरंभी सुटे भाग रशियाहून येत आणि येथे जोडले जात. पण १९७० मध्ये कच्च्या मालापासून बांधलेले मिग-२१ ओझरहून बाहेर पडले, तेव्हा आपल्या हातांनी धातूस आकार देण्याचे खरे काम सुरू झाले. या विमानाचे अंग मुख्यत्वे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे आणि काही ठिकाणी पोलादाचे. अॅल्युमिनियम हा मवाळ धातू, तो कातण्यास हिऱ्याची गरज नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण ज्या कार्बाइडने तो कातावयाचा, ज्या पंच, डाय, रीमर आणि जिगांनी सहस्रावधी भाग एकसारखे करावयाचे, त्यांचे माप राखण्याचे काम टूल रूममध्ये हिराच करतो. कामगार जेव्हा ग्राइंडिंगच्या यंत्रावर काम करीत असतो, तेव्हा काही वेळाने चाकाचे कण झिजून त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, धातूचे बारीक कण त्याच्या रंध्रांत रुतून बसतात, आवाज बदलतो आणि काम कापले जाण्याऐवजी तापू लागते. मग तो पोलादी दांड्याच्या टोकाला झाळून बसविलेला एकच हिरा फिरत्या चाकासमोर आणतो, केसाच्या जाडीपेक्षाही अल्प खोलीने त्याच्या एक-दोन येरझाऱ्या घालवितो, आणि भुरकट पुडीचा लोट उडून चाकाचे कण पुन्हा तीक्ष्ण व पृष्ठभाग पुन्हा समतल होतो. ड्रेसिंग या नावाची ही क्रिया महाराष्ट्रातील कोणत्याही औद्योगिक वसाहतीत, सातपूरला, भोसरीला, शिरोलीला, दिवसातून अनेक वेळा घडते, आणि ती करणाऱ्या हातांस आपण हिरा वापरीत आहोत याचे यत्किंचितही अप्रूप उरलेले नसते.

टूल रूमच्या पलीकडच्या तपासणी विभागातही हिरा असतो. कठीण केलेले पोलाद किती कठीण झाले हे ठरविण्याच्या रॉकवेल पद्धतीत १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू, आणि व्हिकर्स पद्धतीत १३६ अंशांचा हिऱ्याचा मनोरा ठरावीक भाराने धातूत रुतवितात, आणि उमटलेल्या खोलीवरून अथवा ठशावरून अंक काढतात. विमानाच्या चाकांचा दांडा असो की पंखाचा सांधा असो, त्याच्या कठीणपणाच्या दाखल्यावर सही होते ती हिऱ्याने दिलेल्या साक्षीवर. ओझरने १९८७ पर्यंत निरनिराळ्या प्रकारची सहाशेहून अधिक मिग-२१ विमाने बांधली, पुढे मिग-२७ बांधले आणि नंतर सुखोई-३० एमकेआय बांधले. त्या सर्व काळात हिरा विमानाच्या अंगास क्वचितच शिवला असेल, पण जे जे विमानास शिवले त्याला तो शिवला होता.

येथे हिऱ्याच्या एका मर्यादेचा उल्लेख केला पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढची हकीकत कळणार नाही. जगातील सर्वांत कठीण पदार्थ पोलाद कातण्यास मात्र चालत नाही. घर्षणाने तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो, आणि ज्या गुणामुळे हिरा जन्मास आला त्याच गुणामुळे हत्याराची धार लोखंडात विरघळून नाहीशी होते. ही उणीव भरून काढण्यासाठी रॉबर्ट वेंटॉर्फ याने १९५७ मध्ये बोरॉन आणि नायट्रोजन यांचा हिऱ्यासारख्याच रचनेचा एक पदार्थ घडविला, जो निसर्गात हाती लागत नव्हता आणि जो कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल आहे. पोलादाचे क्षेत्र त्याच्याकडे गेले, आणि हिऱ्याच्या वाट्यास अॅल्युमिनियम, तांबे, काच, दगड, कार्बाइड, आणि कार्बनाच्या तंतूंचे नवे पदार्थ राहिले.

पुडीचा हिरा मोठ्या धारेच्या हत्यारास उपयोगी पडावयाचा तर कण एकजीव झाले पाहिजेत. सत्तरीच्या दशकात हे साधले. काही मायक्रोमीटर आकाराची हिऱ्याची पूड कार्बाइडच्या चकतीवर पसरून तिला पुन्हा त्याच भयंकर दाबाखाली ठेवितात. चकतीतील कोबाल्ट वितळून कणांच्या फटींत शिरतो आणि कण एकमेकांस घट्ट धरून एक अखंड थर बनवितात. कारखान्यात पीसीडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या थरात कोबाल्ट असल्यामुळे वीज वाहते, म्हणून ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या वायर-कट यंत्रावर त्याचे हवे तसे तुकडे पाडता येतात, आणि ते तुकडे हत्याराच्या टोकास झाळता येतात. सिलिकॉनयुक्त अॅल्युमिनियमचे पिस्टन ज्या कामात कार्बाइडची धार पाहता पाहता खाऊन टाकीत, तेथे हे हत्यार कैक पट टिकू लागले. दुसरी वाट अगदी निराळी निघाली. हायड्रोजनात शेकडा एक इतका अल्प मिथेन मिसळून तो वायू प्रखर उष्णतेने विघटित केला, तर सुमारे आठशे अंशांवर ठेविलेल्या पृष्ठभागावर कार्बनाचे अणू हिऱ्याच्या रचनेने बसू लागतात, आणि जे ग्रॅफाइटच्या रचनेने बसतात त्यांस अणुरूप हायड्रोजन खरडून काढतो. या पद्धतीचे मूळ काम अमेरिका आणि रशिया येथे झाले व ऐंशीच्या दशकाच्या आरंभी जपानी शास्त्रज्ञांनी ती व्यवहारात आणली. दाबयंत्रावाचून हिरा मिळू लागला, आणि ड्रिलच्या वळणदार अंगावर हिऱ्याचा पातळ लेप देणे शक्य झाले.

या जागतिक शोधात महाराष्ट्राचे एक पाऊल आहे, आणि ते पुणे विद्यापीठाच्या भौतिकी विभागात पडले. विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू वि. गो. भिडे यांचाही सहभाग असलेल्या एका गटाने १९८७ मध्ये पाण्यात बुडविलेल्या लोखंडावर लेझरचे झोत सोडून त्यापासून नवे पदार्थ मिळविण्याची रीत दाखविली होती. त्याच वाटेने पुढे जाऊन सतीशचंद्र ओगले, अजय मालशे, कानेटकर आणि क्षीरसागर यांनी ग्रॅफाइटचा तुकडा बेंझीनमध्ये बुडवून त्यावर माणकाच्या लेझरचे स्पंद सोडले. स्पंदाचा काळ सेकंदाच्या एक कोट्यंशाहूनही अल्प. तेवढ्यात ग्रॅफाइटचा पृष्ठ वाफ होऊन उसळतो, भोवतीचा द्रव त्याला पसरू देत नाही, क्षणार्धात दाब आणि ताप दोन्ही कमालीचे चढतात आणि तितक्याच त्वरेने निवतात. या गोंधळातून हिऱ्याचे सूक्ष्म कण तयार होतात, हे त्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. द्रवाखाली लेझरने पदार्थ घडविण्याची जी शाखा आज जगभर फोफावली आहे, तिच्या आद्य कामांत पुण्याच्या या दोन्ही लेखांची गणना होते. मालशे पुढे अमेरिकेत प्राध्यापक होऊन हत्यारांवरील अतिकठीण लेपांकडे वळले. ओगले यांनी परदेशी काम करून पुन्हा पुण्यास येऊन अध्यापन केले. या प्रयोगाच्या पाठीशी हत्यारांचा एखादा उद्योग येथे उभा राहिला असता तर, असा विचार माझ्या मनात येतो आणि त्याने खेद होतो, कारण पुण्याहून ओझर काही फार दूर नाही.

या खेदास आणखीही एक कारण आहे. याच काळात बंगळुरात जे लढाऊ विमान आकारास येत होते, त्याचे अंग मिगसारखे धातूचे नव्हते. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या तेजसच्या सांगाड्याच्या वजनापैकी सुमारे ४५ टक्के भार कार्बन-तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा आहे. कापडासारख्या विणलेल्या वा समांतर ठेविलेल्या तंतूंचे थर निरनिराळ्या दिशांनी रचून, राळेत भिजवून, ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली भाजून हा पदार्थ करतात. तो अॅल्युमिनियमपेक्षा हलका आणि तंतूंच्या दिशेने कितीतरी ताठ असतो. पण त्यास छिद्र पाडणे ही मोठी परीक्षा आहे, आणि पंख सांगाड्यास जोडावयाचा तर छिद्रे पाडावीच लागतात. धातू कापताना त्याचा कीस वळून निघतो. कार्बनाचा तंतू वळत नाही, तो तुटतो आणि तुटताना हत्यारास घासून जातो, त्यामुळे कार्बाइडची धार थोड्याच छिद्रांनंतर गोल होते. गोल झालेली धार तंतू कापीत नाही, ढकलते. ड्रिल पलीकडे बाहेर पडण्याच्या क्षणी शेवटचे थर त्या ढकलण्याने सुटून उचलले जातात, छिद्राच्या कडेला न कापलेल्या तंतूंचे केस उभे राहतात, आणि ही फाट डोळ्यांना दिसली नाही तरी विमानाच्या आयुष्यात हळूहळू पसरत जाते. म्हणून अनुभवी कामगार छिद्राच्या पलीकडच्या कडेवरून प्रथम बोट फिरवितो, आणि मग तपासनीस श्राव्यातीत लहरींनी ती कड तपासतो.

हिऱ्याची धार येथे टिकते, कारण तंतूपेक्षा हिरा कितीतरी कठीण आहे. शिवाय तांब्यापेक्षा सुमारे पाचपट उष्णता वाहून नेण्याच्या त्याच्या गुणामुळे धारेवरची उष्णता साठून राळ जळत नाही. मात्र संमिश्र पदार्थाखाली टायटॅनियमचा थर असला, आणि लढाऊ विमानात तो पुष्कळ ठिकाणी असतो, तर दोहोंतून एकाच दमात छिद्र पाडण्यास दोन परस्परविरोधी स्वभावांना एकच हत्यार द्यावे लागते: टायटॅनियम उष्णता सोडीत नाही, तापून धारेस चिकटतो, आणि ज्या वेगाने तंतू स्वच्छ कापले जातात तो वेग त्यास मानवत नाही. म्हणून ड्रिलची भूमिती, वेग, खोलीप्रमाणे बदलणारी पुढे सरकण्याची गती, यांचा शोध अजून चालूच आहे, आणि त्या शोधात प्रयोगशाळेतील विद्वानाइतकाच वाटा यंत्रावर उभ्या असलेल्या मशिनिस्टचा आहे.

तेजसचे काम ओझरकडे आले ते नुकतेच. मिग-२१ चे शेवटचे पथक २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले. त्याच्या आदल्याच दिवशी ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा करारनामा दिल्लीस झाला, २०२१ च्या ८३ विमानांच्या मागणीवर ही दुसरी मागणी. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत ओझरच्या नव्या उत्पादनशाखेचे उद्घाटन झाले आणि तेथे बांधलेले पहिले तेजस ओझरच्या धावपट्टीवरून आकाशात गेले. वर्षाला आठ विमाने ही या शाखेची ठरविलेली क्षमता होय. साठ वर्षे मुख्यत्वे धातूशी राबलेल्या या कारखान्यास आता काळ्या तंतूंच्या अंगाशी काम करावयाचे आहे, आणि हिरा टूल रूमच्या आडून निघून थेट विमानाच्या अंगापाशी आला आहे.

हा हिरा कोठून येतो, हे मात्र विचारले पाहिजे. औद्योगिक हिऱ्याच्या पुडीचे जगातील बहुतांश उत्पादन चीनमध्ये होते. आपल्याकडे सुरतेत मिथेनपासून हिरे वाढविण्याची यंत्रे मोठ्या संख्येने चालतात, पण त्यांचे फळ अंगठ्या आणि हारांत जाते; आणि २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात प्रयोगशाळेतील हिऱ्यांसाठी मद्रासच्या आयआयटीस पाच वर्षांच्या संशोधनाची तरतूद झाली, तेव्हाही वृत्तपत्रांतील चर्चा दागिन्यांच्या निर्यातीभोवतीच फिरली. हत्याराची धार, उष्णता वाहून नेणारी पाटी, किरणोत्सर्ग मोजणारा संवेदक, हे उपयोग त्या चर्चेत फारसे आले नाहीत. त्या तरतुदीची मुदत २०२८ च्या सुमारास संपते, आणि नव्या करारातील विमाने सुपूर्द होण्यास २०२७-२८ या वर्षी आरंभ व्हावयाचा आहे.